श्यामलाचा बांगला कॉम्प्युटर

श्यामला देवस्थळी कोलकाता सोडून नागपूरला गेली, त्याला या डिसेंबरात तीन वर्षं होतील. इथल्या मराठी मंडळातल्या बायका अजून तिची आठवण काढतात. पण कशावरून? तर पुरणपोळीवरून! मला भारी राग येतो. पुरणपोळी काय, कुणीही करतं. (मला जमत नाही, तो भाग वेगळा.) या बाईने हावड्याच्या एका शाळेत जे केलं ते इथल्या मराठी माणसांना धड माहीत नाही, आणि ज्यांना थोडंफार माहीत आहे ते म्हणतात, "हो, ते काहीतरी फसलं ना तिचं?" म्हणून शेवटी मीच लिहायला बसले. त्या दिवशी आपल्या माणसांपैकी मी एकटीच तिथे हजर होते, आणि तीही फुरंगटून गेलेली.

श्यामला इथे आली ती शहाण्णव साली. तिचे यजमान जयप्रकाश खिदिरपूरला एका खासगी शिपिंग कंपनीत लागले होते. आम्ही बँकेच्या बदलीने आलो आणि इथेच रुजलो, ते नोकरीसाठी आले आणि रुजले. एकाच गल्लीत घरं, त्यामुळे वाटीभर साखरेपासून तापाच्या गोळीपर्यंत सगळं एकमेकींकडे. मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणून मी मीनाताई. ती आली तेव्हा कडेवर दोन वर्षांचा अजेय होता आणि बंगालीचं एक अक्षर येत नव्हतं. मासेवाल्याशी बोटांच्या खुणांनी बोलायची. दोन वर्षांत त्याच मासेवाल्याशी अशी हुज्जत घालायला लागली की तो तिला लांबून येताना पाहून भाव उतरवून ठेवायचा.

अजेय मोठा झाल्यावर त्याला चांगल्या इंग्रजी शाळेत घातला. सगळ्यांनीच घातली तशी आम्हीही आमची मुलं घातली. त्यातून मुलांच्या मराठीचं काय झालं ते न बोललेलं बरं. माझा ओंकार आठवीपर्यंत "आई, पाणी खायचंय" म्हणायचा, कारण बंगालीत पाणी खातात. आम्ही हसायचो आणि सोडून द्यायचो. आता वाटतं, इतकं हसायला नको होतं.

अजेय पाचवीत गेला आणि श्यामलाने नोकरी धरली. बी.एस्सी. झाल्यावर तिने कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला होता. हावड्याच्या एका बंगाली माध्यमाच्या मुलींच्या शाळेला सरकारी योजनेतून दहा कॉम्प्युटर मिळाले होते, आणि शिकवायला माणूस नव्हता. कंत्राटी जागा, पगार सांगू नये इतका. सकाळी बसने बाबूघाटला जायचं, तिथून बोटीने नदी ओलांडून रामकृष्णपूर घाट, आणि मग लेथच्या कारखान्यांमधून वाट काढत दहा मिनिटं चालायचं. सकाळी सगळी दुनिया हावड्याहून कोलकात्याला येते, ही एकटी उलटी जायची. "बोटीत बसायला जागा मिळते मीनाताई, अजून काय हवं?" असं म्हणायची.

शाळेत मुली तिला श्यामलादी म्हणत, मोठी माणसं दिदिमोणी, म्हणजे बाई. मुख्याध्यापिकेला तिथे सगळ्या 'बडदी' म्हणतात, म्हणजे मोठी ताई. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं. बडदींनी मशीनांना फुलाफुलांच्या कापडाच्या खोळी शिवून घेतल्या होत्या आणि तास संपला की मुली त्या इतक्या हळुवार हाताने चढवत की जणू आत बाळ झोपलंय. बापांपैकी कुणी लेथवर, कुणी लोखंड ओतायच्या भट्टीवर, आणि आया घरी बसून कापडाचं नगावर काम करणाऱ्या. हूक लावणं, काठ शिवणं, साडीवर टिकल्या टाकणं.

पहिल्या वर्षी श्यामला रोज कावून घरी यायची. मुली हुशार होत्या, पण पडद्यावर इंग्रजीत काही विचारणा करणारी चौकट उगवली की पोरगी की-बोर्डवरचे दोन्ही हात वर करून बसायची, पोलिसाने पकडल्यासारखी. मग "श्यामलादी!" अशी हाक. ही धावायची. तोवर दुसरीचे हात वर. "दहा मशीनं, वीस मुली, मी एकटी," ती म्हणायची. "अगं, विचारलंय काय, तर 'हे ठेवायचं का?' एवढंच. पण त्यांना वाटतं आपलं काहीतरी मोडलं."

मग तिला कुठूनसं कळलं की फुकट मिळणारी एक कॉम्प्युटर-प्रणाली आहे आणि हौशी लोक मिळून ती बंगालीत आणताहेत. तिने ती आणवली आणि दहाही मशीनांवर चढवली. बघते तर अर्धी बंगाली, अर्धी इंग्रजी, आणि जी बंगाली होती ती इतकी जड की बडदींनीसुद्धा चष्मा सारखा केला. दुसरी कुणी असती तर तिथेच थांबली असती. ही म्हणाली, उरलेलं आपण करू.

"अगं बाई," मी म्हटलं, "तू मूळची चिपळूणची. बंगाल्यांना बंगाली शिकवायला निघालीस?"

"मी कुठे शिकवतेय, मीनाताई? मी त्यांना विचारतेय."

आणि खरंच ती विचारायची. दर शनिवारी शाळा सुटल्यावर सात-आठ मुलींना थांबवायची आणि एक-एक काम करून दाखवायची. इंग्रजी नाव मुळीच सांगायचं नाही. लिहिलेलं काहीतरी घालवायचं, चुकलेलं परत आणायचं, काम अर्धवट ठेवून उठायचं. आणि मग विचारायची, "हे तुमच्या आया घरी करतात तेव्हा काय म्हणतात?" मुली घरी जाऊन विचारून यायच्या. आयांना वाटायचं, मास्तरीणबाईंना टिपायला शब्द हवेत, त्या हातातलं शिवण न थांबवता सांगायच्या. असं करत करत केलेलं परत फिरवायच्या बटणावर जे आलं त्याचा मराठीत अर्थ 'टाका उसव' असा होईल. ती घाबरवणारी चौकट उगवली की आता विचारायची, "नीट विचार केलास ना?" मुलींचे हात वर जायचे थांबले.

अकराशेच्या वर शब्द आणि वाक्यं झाली. तीन वर्षं लागली. त्या हौशी मंडळींकडे पाठवलेल्यांपैकी त्यांनी थोडीच ठेवून घेतली, बाकीची 'घरगुती' म्हणून परत आली. श्यामलाने ती आपल्या दहा मशीनांवर बिनदिक्कत घातली. पोस्टाने राखी यावी तशा आनंदाने ती मला एकेक शब्द येऊन सांगायची. मी पोळ्या लाटता लाटता हं हं करायचे. आज वाटतं, लाटणं खाली ठेवून ऐकायला हवं होतं.

दोन हजार आठ संपता संपता शाळेच्या समितीवर नवे सेक्रेटरी आले, हालदारबाबू. स्क्रू-नटबोल्टचं दुकान होतं त्यांचं. माणूस वाईट नव्हता, उलट शाळेचं छप्पर त्यांनी पदरमोड करून शाकारलं होतं. पण त्यांच्या दुकानात येणारे आयाबाप त्यांना विचारू लागले होते, "बाबू, दुसऱ्या शाळेत कॉम्प्युटर इंग्रजीत आहे, आमच्या मुलींना बांगला का? सरकारने आम्हाला स्वस्तातला दिला का?" हालदारबाबूंनी ठराव मांडला की मार्चमध्ये दहाही मशीनं पुसून घ्यावीत आणि इंग्रजी घालावं. बडदींनी मध्ये पडून एवढंच मिळवलं की त्याआधी श्यामलाने आयाबापांना बोलवावं, हे बांगला काय आहे ते दाखवावं, आणि आयाबाप म्हणाले तर राहील, नाही तर जाईल.

"नोकरी गेली तर जाऊ दे," श्यामला मला म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पण ते पुसू नये गं. त्या मुलींचं आहे ते. त्यांच्या आयांचं आहे."

आता दिवस कोणता घ्यायचा? रोजंदारीवरची माणसं एरवी शाळेत यायची नाहीत. श्यामलाच्या डोक्यात आलं, सरस्वतीपूजेचा दिवस! त्या दिवशी झाडून सगळ्या आया शाळेत येतात, शिवाय विद्येचा दिवस, याहून शुभ मुहूर्त कोणता? तिने बडदींना सांगितलं, पूजेनंतर सगळ्यांना लॅब दाखवते. बडदी हो म्हणाल्या. त्यांना वाटलं, तक्ते लावून प्रदर्शन मांडणार असेल, तसं बऱ्याच शाळांत मांडतात.

इथे घोटाळा झाला, आणि तो फक्त कोलकात्यातल्या मराठी बाईकडूनच होऊ शकतो. सरस्वतीपूजेला इथे सगळीकडे सुट्टी असते. रथसप्तमी दोन दिवसांवर आलेली असते, म्हणून मंडळाचं हळदीकुंकू आम्ही वर्षानुवर्षं नेमकं त्याच दिवशी ठेवतो. त्यामुळे शाळेत लागल्यापासूनची प्रत्येक सरस्वतीपूजा श्यामलाने मंडळाच्या हॉलमध्ये तिळगूळ वाटण्यात घालवली होती. शाळेची पूजा तिने बापजन्मात पाहिली नव्हती! आपल्याकडे दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढायची तर पाटी-पेन्सिलीला हात लावावाच लागतो. इथे उलट. वह्या, पुस्तकं, पेनं सगळं देवीच्या पायाशी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशीचा विधी होईपर्यंत विद्यार्थी त्याला शिवत नाही. त्या दिवशी अक्षर वाचलं किंवा लिहिलं तर विद्या रुसते. इतकी वर्षं इथे राहून हे आम्हा दोघींना ठाऊक नव्हतं, याची मला आजही लाज वाटते.

त्या वर्षी हळदीकुंकवाचं वाण माझ्याकडे होतं, साठ स्टीलच्या वाट्या. श्यामला म्हणाली, "मीनाताई, माझ्याबरोबर चल, मला एकटीला धीर होत नाही." मी वाट्या मंडळातल्या मंगलाच्या ताब्यात दिल्या, जिच्या ताब्यात मी माझी छत्रीसुद्धा देणार नाही, आणि तोंड फुगवून बोटीत बसले. बोट पिवळ्या साड्यांनी भरली होती. शाळकरी मुली, पहिल्यांदा नेसलेल्या, निऱ्या सांभाळत, एकमेकींचे पदर सारखे करत. माझा राग अर्ध्या नदीतच उतरला, पण मी तो दाखवला नाही.

शाळेच्या अंगणात रांगोळी, पळसाची फुलं, खिचडीचा वास. पांढरीशुभ्र सरस्वती, तिच्या पायाशी पुस्तकांचे ढीग. श्यामलाने नमस्कार केला आणि ताठ झाली. पुस्तकांच्या पुढे, अगदी देवीच्या पावलांना लागून, दहा की-बोर्ड आणि दहा माऊस ओळीने मांडलेले होते, प्रत्येकावर कुंकवाचं बोट आणि झेंडूच्या पाकळ्या.

"आम्ही आणले, श्यामलादी," झुमा म्हणाली. ही नववीतली, शनिवारच्या मुलींमधली सगळ्यात चुणचुणीत. "पुस्तकं ठेवतात, मग हेही नको का ठेवायला? आमचंच आहे ना!"

बिचारी कौतुकाच्या अपेक्षेने बघत होती. श्यामलाने तिच्या गालावरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात बडदी आल्या आणि दोन वाक्यांत सगळा उलगडा झाला. बडदींनी कपाळावर हात मारला. "पण तुम्ही मुलींकडून मशीन चालवून घेणार हे मला म्हणाला नाहीत!"

पूजा झाली, आया लॅबच्या दारात जमल्या. दहा पडदे उजळलेले आणि समोर टेबलं मोकळी. हालदारबाबू धुतलेल्या धोतरात पुढे उभे. श्यामलाने मुलींना समजावलं, पाप लागलं तर मला लागेल म्हणाली. मुली हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. झुमा रडायला लागली. "मार्चमध्ये परीक्षा आहे, श्यामलादी," एवढंच तिला बोलता आलं. तिच्यावर जबरदस्ती कोण करणार?

हालदारबाबू हसले. टोचून नाही, पण हसले. "दिदिमोणी, खुद्द देवीनेच निकाल दिला. आता आपण खिचडी खाऊ या."

श्यामलाने पदराने तोंड पुसलं. तीन वर्षं माझ्या डोळ्यांदेखत त्या पदराने पुसली गेली असं मला वाटलं आणि मला हालदारबाबूंचा, देवीचा, माझा स्वतःचा, सगळ्यांचा संताप आला. मी मराठीतच म्हटलं, "चल घरी." ती हलली नाही.

आता तिथे बाजूलाच एक गोष्ट चालली होती. याच दिवशी लहान मुलांना पहिलं अक्षर गिरवायला लावतात, त्याला हातेखोडी म्हणतात. पुरोहित पाट मांडून बसले होते आणि एकेका पोराचा हात धरून पाटीवर 'अ' काढून घेत होते. झुमाची आई शेफाली आपल्या धाकट्या मुलीला घेऊन तिथे आली होती. चाळिशीची, किरकोळ, बोटांवर सुईचे काळे डाग. धाकटीचं उरकून ती उठली, लॅबच्या दाराशी रडणाऱ्या थोरलीला पाहिलं, काय झालं ते विचारून घेतलं आणि सरळ पुरोहितांकडे परतली.

"ठाकूरमोशाय," ती म्हणाली, "आज शिकणाऱ्याने लिहायचं नाही, पण ज्याने कधीच लिहिलं नाही त्याने आरंभ करायचा, असंच ना?"

"आरंभाचाच दिवस आहे आजचा," पुरोहित म्हणाले.

"मग मी या मशीनवर कधी अक्षर काढलेलं नाही. माझी हातेखोडी आज होईल की नाही?"

पुरोहितांनी आधी बडदींकडे पाहिलं, मग हालदारबाबूंकडे. मला वाटतं त्यांनाही खिचडीची घाई होती. पण ते उठले, देवीपुढचा एक की-बोर्ड आणि माऊस उचलून कपाळाला लावले आणि शेफालीच्या ओंजळीत ठेवले. "हात धरायला कुणीतरी लागतं मात्र," म्हणाले.

झुमाने नाक पुसलं. मशीनला हात लावायचा नव्हता, पण आईच्या हाताला लावायला कोण अडवणार? श्यामलाने तारा जोडल्या. शेफाली खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली, चपला तर तिने केव्हाच दाराबाहेर काढल्या होत्या. झुमा मागे उभी राहिली, आईचं तर्जनीचं बोट धरलं आणि 'अ'च्या बटणावर नेलं. पडद्यावर अ उमटला. दारातल्या बायकांनी मान लांब केली. मीही केली.

शेफाली बंगाली शाळेत पाचवीपर्यंत शिकलेली. चौथ्या-पाचव्या अक्षरानंतर तिने मुलीचा हात सोडवून घेतला. पडद्यावरची बटणं मोठ्याने वाचायला लागली, पत्ता वाचावा तशी अडखळत. 'ठेवून दे' वाचलं. पुढचं वाचलं आणि थांबली. "टाका उसव? हे तर माझं! झुमा, हे तू मला विचारलं होतंस!" तिने ते दाबलं, अक्षर गेलं. परत काढलं, परत उसवलं. मग घाईत कुठेतरी भलतीकडे बोट गेलं आणि ती चौकट उगवली. शेफालीने वाचलं, "नीट विचार केलास ना?" आणि खळखळून हसली. "सासूबाई बसल्यात यात!"

दारातल्या बायका आत घुसल्या. पुरोहितांना आणखी नऊ वेळा उठावं लागलं. अर्ध्या तासात दहाही खुर्च्यांवर आया आणि मागे पिवळ्या साडीतल्या मुली, आयांची बोटं धरून. ज्यांना अक्षरओळखही नव्हती त्या नुसत्या मांजराचं चित्र रंगवत होत्या. श्यामला एका मशीनवरून दुसऱ्या मशीनकडे धावत होती, रडत होती आणि हसत होती. मी माझं लग्न पाहिलं, मुलाचं लग्न पाहिलं, पण त्या खोलीइतका आनंद मी कुठे पाहिला नाही. हे मी विचार करून लिहिते आहे.

हालदारबाबूंनाही ते दिसलं. त्यांनी घसा खाकरला. "ठीक आहे. ठराव आयाबापांच्या मर्जीवर होता. तर मग सांगा, मशीनं बांगलाच ठेवायची?"

मी श्यामलाकडे पाहिलं. जिंकलीस, असं मी ओठांनीच म्हटलं.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी शेफालीच बोलली, खुर्चीवरून न उठता.

"मुलींना इंग्रजी द्या, बाबू."

श्यामला खाली वाकली. "अगं, पण आत्ता तर तू स्वतः वाचलंस! एकटीने!"

"वाचलं म्हणूनच सांगते, दिदिमोणी. फार सोपं गेलं. पण झुमा माझ्या घरी मशीन घेऊन नाही बसणार, कुणाच्या तरी ऑफिसात बसणार. तिथे तिला टाका उसव असं कोण विचारणार आहे? तिने तिथेही हात वर करून बसायचं का?" मग तिने अगदी साधेपणाने, चहा घेता का विचारावं तसं विचारलं, "तुमचा मुलगा कुठल्या शाळेत जातो, दिदिमोणी?"

श्यामला सरळ उभी राहिली. तिला खोटं बोलता येत नसे. "इंग्रजी," ती म्हणाली.

शेफालीने मान डोलावली. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तिला दोन शब्द सुनावले असते. दारातल्या दुसऱ्या बायकांनीही माना डोलावल्या, आणि हालदारबाबूंनी ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला. शेफाली उठली, की-बोर्ड पदराने पुसला, आणि जाता जाता वळली.

"एक मात्र असूच द्या, बाबू. नऊ मशीनं मुलींना. एक आम्हाला. हे, खिडकीजवळचं."

परतीच्या बोटीत श्यामला पाण्याकडे बघत बसली होती. हावड्याचा पूल मागे मागे जात होता आणि पिवळ्या साड्यांच्या निऱ्या आता पार विस्कटल्या होत्या. "मीनाताई," ती म्हणाली, "मी इतकी वर्षं बरोबर होते असं मला वाटत होतं. आणि ती बाईही बरोबर आहे. मग मी अजेयला मराठी वाचायला का नाही गं शिकवलं? त्याला कुठे कुणी अडवत होतं?" माझ्या घरी तरी कोण वाचत होतं? आम्ही मंडळात पोचलो तेव्हा हळदीकुंकू आटोपलं होतं आणि मंगलाने एकेकीला दोन-दोन वाट्या दिल्यामुळे निम्म्या बायका रिकाम्या हाती गेल्या होत्या. मी तिला एक शब्द बोलले नाही.

मार्चमध्ये नऊ मशीनं पुसली गेली. श्यामलाने ती स्वतःच्या हाताने पुसली, दुसऱ्याला करू दिलं नाही. मुली पंधरा दिवसांत इंग्रजीला सरावल्या, कारण कुठलं बटण काय करतं हे त्यांना आता पाठ होतं. नोकरीही टिकली. दहावं मशीन खिडकीजवळ तसंच राहिलं, आणि हालदारबाबूंनी शनिवारी दोन ते चार अशी वेळ आयांसाठी लिहून दिली.

पहिल्या शनिवारी मी तिच्याबरोबर गेले. कुणी आलं नाही तर हिच्यापाशी कुणीतरी असावं म्हणून. दोन वाजले, कुणी नाही. सव्वादोन झाले. श्यामला फुलाफुलांची खोळ काढून घडी करत होती, परत उलगडत होती. अडीचला जिन्यावर पावलं वाजली. सातजणी आल्या, घरची भांडी आटोपून, दाराशी चपलांचा ढीग केला आणि एका खुर्चीभोवती कोंडाळं करून उभ्या राहिल्या.

"काय शिकू या?" श्यामलाने विचारलं.

"चित्रं नकोत," शेफाली म्हणाली. "अर्ज लिहायचाय."

"कुणाला?"

"सेक्रेटरीबाबूंना. एका मशीनवर सातजणींनी कसं बसायचं? दुसरं द्या म्हणावं."

चार ओळींच्या अर्जाला सव्वा तास लागला. एकीने एक शब्द, दुसरीने दुसरा, चुकलं की सगळ्या मिळून उसवायच्या. श्यामला हात मागे बांधून उभी होती आणि एकाही अक्षराला मदत करत नव्हती, जीव तुटत होता तरी. मग खाली नावं आली. गल्लीत या सगळ्या कुणाची तरी आई म्हणूनच ओळखल्या जायच्या. आपापली नावं त्यांनी आपल्या बोटाने, एक-एक अक्षर शोधून, घातली. सात नावं झाल्यावर शेफाली उठली आणि खुर्ची श्यामलाकडे सरकवली.

"आता तुमचं."

"माझं कशाला? मी शिकवणारी."

"मुलाला इंग्रजी शाळेत घातलंत ना, दिदिमोणी?" शेफाली म्हणाली. "मग तुम्हीही आमच्यातल्याच. बसा."

श्यामला बसली. तिने आठवं नाव बंगालीत टाइप केलं.